परसातले फळ न धरणारे झाड

कोकणातले जुने घर हाती येते तेव्हा परसात कधी कधी एक गर्द हिरवे, वर निमुळते होत गेलेले झाड उभे असते; त्याला फळ धरलेले कोणी पाहिलेले नसते, आणि ‘वांझ आहे, तोडून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. कुऱ्हाड लावण्याआधी ते नीट निरखावे, कारण ते रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, नर झाड असू शकते.

फांद्यांची टोके खाली झुकलेली, पाने समोरासमोर, वरून गडद आणि खालून फिकट, पालवी लालसर आणि साल खरवडल्यावर पिवळसर चीक, एवढ्या खुणा जुळल्या की रातांब्याचा दाट संभव धरावा. पाने फूटभर लांब असतील, तर मात्र ते त्याचेच भावंड असलेले झारंबीचे झाड असण्याची शक्यता अधिक.

नर की मादी, हे पानांवरून ओळखता येत नाही. त्यासाठी हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागते. नर फुले घोसाने येतात आणि प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांचा दाट गुच्छ असतो. मादी फूल बहुधा एकेकटे येते आणि त्यात पाकळ्यांच्या मधोमध पुढे फळ होणारा हिरवा, गोल बीजांडकोश स्पष्ट दिसतो. हा फरक साध्या भिंगातूनही कळतो. बियांपासून वाढलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुले येईपर्यंत सहासात वर्षे जातात. नर झाड रोगट नसते, आणि परागकण त्याच्याकडूनच मिळत असल्यामुळे बागेतही थोडी नर झाडे मुद्दाम राखतात. म्हणून ते तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळे हवी असतील तर शेजारी मादी झाडाचे कलम लावावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ ही जात लवकर पिकते, त्यामुळे तिची फळे पावसात सापडून नासत नाहीत. कलमाची काडी सरळ वर वाढणाऱ्या फुटीचीच असल्याची खात्री करून घ्यावी, कारण आडव्या फांदीच्या काडीपासून झाड उंच न होता झुडपासारखे पसरते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली, पाणी आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, आणि कलमाच्या जोडाखाली येणारी फूट दिसताच खुडून टाकावी.