रूपिम

रूपिम (पदिम) : भाषेतील अर्थयुक्त असा लहानात लहान घटक. त्याचे आणखी तुकडे पाडल्यास केवळ ध्वनी उरतात. ही संज्ञा पोलिश भाषाशास्त्रज्ञ बोदुएँ द कुर्तने यांनी 1880 च्या सुमारास योजली. विश्लेषणाची रूढ पद्धत मात्र लेनर्ड ब्लूमफील्ड (1933) आणि त्यांच्यानंतरच्या अमेरिकन अभ्यासकांची. पाणिनीची प्रकृति-प्रत्यय (मूळ रूप व त्याला जोडलेला प्रत्यय) व्यवस्था तिच्या जवळची वाटते. पण ती रूपे फोडत नाही, सिद्ध करते.

रूपिम वेगळा काढण्यासाठी अंशतः सारखी रूपे शेजारी मांडतात : बसतो, बसते, बसला, हसतो, हसते, हसला. ध्वनी व अर्थ दोन्ही जुळले पाहिजेत. ‘बेशिस्त’, ‘बेइमान’ यांतील बे- रूपिम ठरतो, ‘बेरीज’मधील नाही. ‘घेतो’ आणि ‘घेतले’ यांतील त-कारही एक नव्हे. पहिला वर्तमानाचा आहे.

एकाच रूपिमाच्या पर्यायी रूपांना रूपिकांतरे म्हणतात. त्यांची निवड नेहमी ध्वनीवरून ठरत नाही : चिंच-चिंचा, पण भिंत-भिंती. दगड-दगड येथे अनेकवचनाचा शून्य प्रत्यय (रूपात न दिसणारा) मानतात.

भूतकाळी -ल- अधिक वादाचा आहे. तो प्राकृत -इल्ल पासून आला असे सामान्यतः मानतात. श्रवणबेळगोळच्या (कर्नाटक) शिलालेखातील ‘करवियलें’ (करविले) मध्ये तो दिसतो, लेखाची पहिली ओळ इ.स. 983 च्या सुमाराची धरण्याचा प्रघात आहे, तथापि ती उत्तरकालीन असल्याचेही मत आहे. घेतले, धुतले, मागितले, खाल्ले यांची फोड दोन प्रकारे होते. -तल-, -इतल-, -ल्ल- ही प्रत्ययाची रूपिकांतरे धरली, तर धातू बहुधा स्थिर राहतो. उलट घेत-, धुत- ही धातूची रूपिकांतरे धरली, तर प्रत्यय एकच उरतो. गेला, केला, मेला यांसाठी जा-/गे-, कर-/के-, मर-/मे- असे धातुभेद मानावेच लागतात, म्हणून दुसरी फोड काटकसरीची. मात्र मागितले, सांगितले, बघितले अशा रूपांत -इत- वारंवार येतो. तो प्रत्येक धातूच्या माथी मारण्यापेक्षा स्वतंत्र आगम (धातू व प्रत्यय यांच्यामध्ये येणारी भर) मानणे सोयीचे.

सामान्यरूपातही (घर-घराला, घोडा-घोड्याला) हीच अडचण आहे. -आ-, -या- यांना स्वतःचा अर्थ नाही; त्यामुळे त्यांना रूपिम न म्हणता ‘घरा-’, ‘घोड्या-’ ही प्रकृतीचीच रूपिकांतरे मानणे व्याख्येशी अधिक जुळते. ‘घरात’ व ‘घरांत’ यांतील वचनभेद फक्त अनुस्वारावर उभा आहे. आजच्या प्रमाण उच्चारात तो बहुधा ऐकू येत नाही, म्हणजे येथील अनेकवचनाचा रूपिम लेखनात आहे, बोलण्यात नाही. ‘घराला-घरांना’मध्ये ही वेळ येत नाही, कारण तेथे प्रत्ययच बदलतो.