विक्रांत, भारतीय नौसेना पोत (आर ११)

भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका. सेवाकाल १९६१–९७. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात बंगालच्या उपसागरातील हवाई कारवाईचा तळ म्हणून तिने केलेली कामगिरी विशेष प्रसिद्ध आहे. ‘विक्रांत’ हा संस्कृत शब्द वि + क्रम् या धातूपासून आलेला असून पुढे पाऊल टाकणारा, पराक्रमी असा त्याचा अर्थ होतो. ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे तिचे बोधवाक्य ऋग्वेदातील (१·८·३) इंद्रसूक्तातून घेतले आहे. त्याचा अनुवाद पुष्कळदा ‘मी जिंकतो’ असा एकवचनी दिला जातो. मूळ क्रियापद मात्र अनेकवचनी व विध्यर्थी असल्याने ‘युद्धात प्रतिस्पर्ध्यांना आम्ही जिंकावे’ हा अर्थ मुळाला अधिक धरून आहे.

ब्रिटनच्या मॅजेस्टिक वर्गातील ‘हर्क्युलिस’ या नावाने न्यूकॅसल येथील व्हिकर्स-आर्मस्ट्राँग गोदीत तिची बांधणी सुरू झाली. काही संदर्भग्रंथांत प्रारंभाची तारीख १४ ऑक्टोबर १९४३ अशी, तर काहींत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील आढळते. २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले, पण तोवर महायुद्ध संपले होते आणि १९४६ मध्ये काम थांबले. हा अपुरा सांगाडा भारताने १९५७ मध्ये विकत घेतला. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत त्यावर तिरकी धावपट्टी, वाफेवर चालणारा विमानक्षेपक व विमान उतरविण्यासाठी आरशाची मार्गदर्शक यंत्रणा बसविण्यात आली. ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधील भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू होते. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ती मुंबईत आली, तेव्हा पंडित नेहरू स्वागतास उपस्थित होते. लांबी सु. २१३ मी., पूर्ण भारासह विस्थापन सु. १९,५०० टन, कमाल वेग सु. २४ नॉट (ताशी सागरी मैल). सी हॉक ही जेट लढाऊ विमाने आणि पाणबुडीविरोधी अलीझे ही तिच्यावरील मुख्य विमाने होती.

डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या वेळी ती पश्चिम सागरात गस्तीवर होती, पण तिच्या विमानांनी हल्ला केला नाही. १९६५ च्या युद्धात ती बुडविल्याचा दावा पाकिस्तानने केला. प्रत्यक्षात ती त्या वेळी मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती.

१९७१ मधील कामगिरीचे मोल कळण्यासाठी तिच्या बॉयलरांची अवस्था लक्षात घ्यावी लागते. युद्धापूर्वी बॉयलरच्या जलपिंपांना तडे गेल्याचे तपासणीत आढळले. ती पिंपे देशात बदलणे शक्य नव्हते आणि ब्रिटनमधून आणण्यास वेळ लागणार होता. नौका काही महिने जागची हलली नाही. अखेर १९७१ च्या पूर्वार्धात वाफेचा दाब उतरवून चाचण्या घेण्यात आल्या व वेग सु. १४ नॉटपर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरले. वेग घटला म्हणजे केवळ प्रवास लांबतो असे नाही. विमानवाहू नौका वाऱ्याच्या दिशेने धावून विमानांना उड्डाणासाठी लागणारा समोरचा वारा मिळवून देते. वेग कमी आणि हवा पडलेली असेल, तर शस्त्रभारित जेट विमान उडविणे धोक्याचे होते. शिवाय सावकाश जाणारे जहाज पाणबुडीच्या सहज तावडीत सापडते. तरीही नौका युद्धात उतरविण्याचा निर्णय नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांनी घेतला. पाकिस्तानच्या आधुनिक पाणबुड्या पश्चिमेस असल्याने तिला पूर्वेकडे धाडण्यात आले. ९ डिसेंबरला त्याच पश्चिम सागरात ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, हे पाहता ही निवड योग्यच म्हणावी लागते.

बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचू शकेल अशी पाकिस्तानची एकच पाणबुडी होती : ‘गाझी’, मूळची अमेरिकन ‘डायब्लो’. ती १४ नोव्हेंबरला कराचीहून ‘विक्रांत’च्या शोधात निघाली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ विशाखापट्टणमजवळ असल्याचा आभास निर्माण केला. प्रत्यक्षात ती अंदमानात दडविली होती. ३–४ डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणम बंदराबाहेर ‘गाझी’ ९३ जणांसह बुडाली. कारणाबद्दल मतभेद आहेत. ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या खोलस्फोटकांमुळे (पाण्यात खोलवर फुटणाऱ्या बाँबमुळे) ती बुडाली, असे भारतीय नौदलाने जाहीर केले. ‘गाझी’नेच पेरलेल्या जलसुरुंगांचा स्फोट झाला, असे पाकिस्तानी बाजू मानते. आत साठविलेल्या सुरुंगांचा वा बॅटऱ्यांतील वायूचा स्फोट, असेही एक मत आहे. सांगाडा आतून बाहेर फाटल्याच्या वर्णनांमुळे अंतर्गत स्फोटाचे मत काहीसे अधिक संभवनीय वाटते. मात्र कारण कोणतेही मानले, तरी ‘गाझी’ चुकीच्या जागी शोध घेत राहिली, हे कृष्णन यांच्या डावपेचाचे यश उरतेच.

४ डिसेंबरच्या सकाळी आठ सी हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) कॉक्स बझारवर व त्याच दिवशी चितगाववर हल्ला केला. पुढील दिवसांत खुलना, चालना व मोंगला ही बंदरे लक्ष्य झाली. रात्रीची मोहीम बहुतांशी अलीझेंनी सांभाळली. विमानतळ, जहाजे व इंधनसाठे उद्ध्वस्त झाल्याने पूर्व पाकिस्तानातील सैन्याची समुद्रमार्गे सुटका दुरापास्त झाली. कप्तान स्वराज प्रकाश व सी हॉक पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले.

पुढे १९८३ पासून सी हॅरिअर विमाने आली आणि विमानक्षेपक काढून नाकाडाशी चढती धावपट्टी बसविण्यात आली. ३१ जानेवारी १९९७ रोजी नौका निवृत्त झाली. मुंबईत २०१२ पर्यंत ती संग्रहालय म्हणून होती. शहरातील शाळकरी मुलांच्या एका पिढीने विमानवाहू नौका पहिल्यांदा पाहिली ती तिच्याच धावपट्टीवर उभे राहून. सुरक्षेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. कायमस्वरूपी जतनाला राज्य शासनाने असमर्थता दर्शविली, न्यायालयीन प्रयत्नही फसले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची मोडतोड सुरू झाली. देशाच्या नौकानयनाच्या इतिहासातील ही हानी भरून येणारी नाही. तिच्या धातूतून घडविलेले स्मारक जानेवारी २०१६ पासून मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळ आहे. बजाज ऑटोने ‘व्ही’ मोटारसायकलीच्या पेट्रोल टाकीतही तिचे पोलाद वापरले.

कोचीन येथे बांधलेली, सु. ४५,००० टनांची नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. आर ११ हा क्रमांक व बोधवाक्य तिने जुन्या नौकेकडून घेतले आहे. त्याच समारंभात छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून प्रेरित अष्टकोन असलेला नौदलाचा नवा ध्वज फडकविण्यात आला.