पार्श्वभूमी : ६००० केबीपीएस, २ सेकंद, सीबीआर... हे आकडे आले कुठून?

गेम लाइव्ह दाखवायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण ओबीएस या स्ट्रीमिंगच्या प्रोग्रॅमच्या आउटपुट टॅबमध्ये तेच आकडे भरतो. बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) ६००० केबीपीएस, म्हणजे किलोबिट, कीफ्रेम (अख्खं चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी, रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम सारखा), प्रीसेट (व्हिडिओ किती घाईत दाबायचा ते) व्हेरीफास्ट. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी व्हिडिओतून उचललेले असतात. यातला एकेक आकडा कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून आलेला आहे. ती अडचण आपल्याकडे आहे का, हे पाहिल्यावरच तो तसाच ठेवायचा की बदलायचा ते ठरतं.

मार्च २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कान डोक्याला कॅमेरा लावून आणि पाठीवरच्या पिशवीत संगणक घेऊन आपलं रोजचं जगणं जस्टिन.टीव्हीवर थेट दाखवू लागला. तेव्हा गेमचा काही संबंध नव्हता. पण पुढे त्या साइटवर गेम खेळून दाखवणाऱ्यांचीच गर्दी झाली, जून २०११ मध्ये तो भाग ट्विच या नावाने वेगळा निघाला आणि २०१४ मध्ये अॅमेझॉनने तो विकत घेतला. व्हिडिओ पाठवायला वापरात होता तो आरटीएमपी, म्हणजे मॅक्रोमीडियाने फ्लॅशसाठी बनवलेला प्रोटोकॉल. फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद पडला, आरटीएमपी मात्र १९३५ नंबरच्या पोर्टवर अजून राबतो आहे.

हा प्रोटोकॉल टीसीपीवर चालतो. वाटेत एक पॅकेट हरवलं की ते परत पाठवलं जातं आणि मागचे सगळे रांगेत थांबतात. म्हणून लाइन डळमळली की चित्र लगेच बिघडत नाही. आधी ओबीएसकडे माल साठतो आणि मग ते फ्रेम फेकून देऊ लागतं. खालच्या पट्टीतले ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ ते हेच. हा आकडा वाढत असेल तर दोष नेटचा आहे, ग्राफिक्स कार्ड बदलून काही होणार नाही.

२ सेकंदांचं कारण दुसऱ्या टोकाला, प्रेक्षकाकडे आहे. २००९ मध्ये अॅपलने एचएलएस आणलं. त्यात व्हिडिओचे छोटे तुकडे करून पाठवतात आणि प्रत्येक तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू व्हावा लागतो. एक्स२६४ या एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, मोकळं सोडलं तर तो २५० फ्रेमपर्यंतही नवी कीफ्रेम न टाकता जाऊ शकतो. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) म्हणजे ८ सेकंदांहून जास्त. मग प्रेक्षकाचा उशीर वाढतो आणि सर्व्हर तक्रार करतो. ओबीएसमध्ये कीफ्रेमच्या रकान्यात ० असेल तर तिथे २ टाकायला विसरू नका. हा एक आकडा डोळे झाकून उचलावा असा आहे.

बिटरेटचं तसं नाही. ट्विचची शिफारस बरीच वर्षं ३५०० केबीपीएसपर्यंत होती. २०१७ मध्ये १०८०पी ६० एफपीएससाठी ती ६००० झाली. हिशोब करून पाहा. १०८०पी६० चं न दाबलेलं चित्र, पिक्सेलला २४ बिट धरून, सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतं. ते ६ मेगाबिटमध्ये बसवायचं म्हणजे सुमारे ५०० पट दाबायचं. गवत, पाऊस, धूर असलेल्या गेममध्ये तेवढ्यात भागत नाही आणि पळताना सगळी जमीन लापशीसारखी दिसते. तोच ६००० चा बिटरेट ७२०पी६० ला दिला तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सव्वादोन पट बिट येतात. आमच्या मते ६००० वर १०८०पी६० चा हट्ट बहुतेक शूटिंग गेममध्ये फुकटचा आहे. यूट्यूब १०८०पी६० साठी एच.२६४ या नेहमीच्या दाबण्याच्या पद्धतीत १२ एमबीपीएस सुचवतं, ते उगाच नाही.

आपल्याकडची अडचण वेगळीच होती. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग ठरवला २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तिन्ही वेळा व्याख्या डाउनलोडची. अपलोडचा त्यात उल्लेखच नाही. टेलिफोनच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये तर हा भेद तांब्यातच होता. अपलोडला साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्‌झची चिंचोळी पट्टी आणि त्यापुढे ११०४ पर्यंतचा सगळा पट्टा डाउनलोडला. ८ एमबीपीएसची लाइन असली तरी अपलोड १ एमबीपीएसच्या आसपासच अडायचं. त्यात गेमही खेळायचा आणि स्ट्रीमही पाठवायचा, म्हणजे ३६०पी च्या पुढे जायची सोय नाही. वर एफयूपी, म्हणजे ठरावीक डेटा संपला की वेग पाडणारी मर्यादा. ६००० केबीपीएसने तासाला २.७ जीबी जातात आणि बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोडही मर्यादेत धरलं जातं. रोज चार तास केलं तर महिन्याला सव्वातीनशे जीबी.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि पाहणारे एकदम वाढले, पण दाखवणाऱ्यांची अडचण तेवढ्याने सुटली नाही. त्याच्या ४जी मधल्या २३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अपलोड आणि डाउनलोड एकाच लहरीवर वेळ वाटून घेतात आणि अपलोडच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. फरक पडला तो घरापर्यंत फायबर आल्यावर. जीपीऑन या घरगुती फायबरच्या पद्धतीत खाली येणारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट बत्तीस-चौसष्ट घरांत वाटले जातात. वाटणी आहेच, पण अपलोड आता निम्म्यावर आहे, एक अष्टमांशावर नाही.

तरीही केबलवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. स्पीड टेस्ट रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, लॅन केबल लावून, तीन वेगवेगळ्या दिवशी करा. त्यातलं सर्वांत कमी आलेलं अपलोड घ्या आणि त्याच्या ६० ते ७० टक्क्यांवर बिटरेट ठेवा. उरलेली जागा गेमसाठी. गेमला बिट फार लागत नाहीत, पण स्ट्रीमने अपलोड काठोकाठ भरलं की राउटरमध्ये रांग लागते, गेमची पॅकेट तिच्यात अडकतात आणि ३० मिलिसेकंदांचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) ३०० वर जातो. स्ट्रीम स्वच्छ आणि खेळणारा मात्र अडखळतोय, असं दिसलं तर हेच समजा. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून टाका. सीबीआरचा आग्रह यासाठीच असतो. सपाट प्रवाहाची रांग लागत नाही, मध्येच उसळणाऱ्या प्रवाहाची लागते.

संगणकाच्या बाजूला २०१२ हे वर्ष दोनदा महत्त्वाचं ठरलं. ह्यू बेलीने त्या वर्षी ओबीएस फुकट आणि खुल्या स्वरूपात आणलं. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या ग्राफिक्स कार्डांत एनव्हीएन्क हा एन्कोडिंगचा वेगळा भाग आला. त्याआधी भार सीपीयूवर पडायचा आणि चार कोरच्या सीपीयूवर गेम आणि एक्स२६४ यांची मारामारी व्हायची. व्हेरीफास्ट प्रीसेट ही त्यातली तडजोड, दर्जा थोडा सोडून वेळ वाचवणारी. ज्यांना परवडे ते दुसरा संगणक आणि बाहेरून आलेलं चित्र पकडणारं कॅप्चर कार्ड घेत. सुरुवातीचा एनव्हीएन्क ३५०० केबीपीएसवर इतका डागाळ दिसे की सीपीयूच बरा वाटे. हे चित्र एनव्हिडियाच्याच २०१८ च्या ट्युरिंग कार्डांनी पालटलं. आज बहुतेकांना दुसऱ्या संगणकाची गरज नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनं कार्ड घेणाऱ्यांनी मात्र नाव नीट वाचावं. जीटीएक्स १६५० ट्युरिंग पिढीचं, पण त्यात एन्कोडर आधीच्या पिढीचा. १६५० सुपरमध्ये नवा. जीटी १०३० मध्ये एन्कोडर नाहीच, आणि एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीमध्येही नाही. इंटेलचा शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतला तर अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंक हा इंटेलचा एन्कोडरही गेला.

एन्कोडर वेगळा असला तरी सीन जुळवण्याचं, म्हणजे गेम, कॅमेरा वगैरे एका चित्रात आणण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडेच राहतं. गेमने कार्ड १०० टक्के खाल्लं की ओबीएसच्या स्टॅट्समध्ये ‘रेंडरिंग लॅग’ चढतो. उपाय फुकट आहे. गेमचे एफपीएस बांधा, कार्ड ९०-९५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या आणि ओबीएस ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ‘एन्कोडिंग लॅग’ चढत असेल तर मात्र प्रीसेट हलका करा.

भारतात खूप जणांचा गेम फोनवरचा, आणि पबजी मोबाइलने २०१८ पासून ही लाट आणली. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पकडायची सोय २०१४ च्या ५.० पासून होती, पण गेमचा आतला आवाज पकडायची वाट २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये उघडली. त्याआधी आवाज स्पीकरमधून बाहेर काढून माइकने परत आत घ्यावा लागे, पंख्याच्या घरघरीसकट. कॅप्चर कार्डाला जोडायला फोनच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर यावं लागतं आणि स्वस्त फोनमध्ये ते येत नाही. तिथे यूएसबी केबल आणि फोनची स्क्रीन संगणकावर दाखवणारं स्क्रसीपीवाय (scrcpy) हा फुकटचा मार्ग आहे.

आता ६००० चा आकडाही हलू लागला आहे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिका, इंटेल आर्क आणि आरएक्स ७००० यांत एव्ही१ या नव्या कोडेकचे (दाबण्याच्या पद्धतीचे) एन्कोडर आले. जुन्या आरटीएमपीला हा कोडेक ठाऊकच नव्हता. आरटीएमपीची सुधारित आवृत्ती आल्यावर २०२३ मध्ये ओबीएस २९.१ मधून यूट्यूबला एव्ही१ पाठवता येऊ लागलं. १०८०पी६० साठी यूट्यूब त्यात ४ एमबीपीएसपासून स्वीकारतं, त्यामुळे जेमतेम ७ एमबीपीएस अपलोडच्या लाइनवरही ते बसतं.