गारगोटी आणि कॅल्साइट: बेसाल्टमधल्या पांढऱ्या खड्यांची ओळख

खानदेशात विहिरीचे काम निघाले की काठावर टाकलेल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, ढिगात पांढरे, चकचकीत खडे हमखास दिसतात, आणि त्या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांत निदान दोन वेगळी खनिजे असू शकतात: क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी, आणि कॅल्साइट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थंड होत असताना वायूंचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळवून आणलेली द्रव्ये त्यांत साचत गेली. सिलिका साचली तिथे क्वार्ट्झ झाले, कॅल्शियम कार्बोनेट साचले तिथे कॅल्साइट. एकाच पोकळीत दोन्ही शेजारी शेजारी वाढलेली आढळतात, त्यामुळे नुसत्या नजरेने पारख करणारा सहज फसतो.

रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण दोन्ही खनिजे पांढरी, पारदर्शक, पिवळसर किंवा गुलाबी असू शकतात. वजनाचाही उपयोग नाही: क्वार्ट्झची घनता २.६५, कॅल्साइटची २.७१, आणि हा फरक हाताला कळण्यासारखा नाही.

खरा भेद खडा फुटताना दिसतो. कॅल्साइटवर हातोडीचा हलका घाव घातला की तो तीन ठरलेल्या दिशांनी सपाट चिरतो आणि कलत्या चौकटींसारखे तुकडे पडतात, ज्यांच्या प्रत्येक पृष्ठाचे कोन सुमारे ७८ आणि १०२ अंशांचे असतात. तो तुकडा आणखी फोडला तरी लहान आकारात तेच कोन पुन्हा मिळतात. क्वार्ट्झला अशी ठरलेली चीर नसते. तो जाड काचेसारखा वेडावाकडा फुटतो आणि फुटलेल्या भागावर शिंपल्याच्या पाठीसारखी वळणे उमटतात. मात्र मुळात सहा बाजूंचा दिसणारा स्फटिक क्वार्ट्झच असेल असे समजू नये, कारण कॅल्साइटही कधी कधी षट्कोनी वाढतो. अशा वेळी उभ्या बाजूंवर बारीक आडव्या रेघा आहेत का ते पाहावे. त्या क्वार्ट्झच्या खुणा आहेत.

कठीणपणाची कसोटी आणखी सोपी आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली मांडलेल्या १ (सर्वांत मऊ) ते १० (सर्वांत कठीण) अशा श्रेणीत कॅल्साइट ३ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे, तर खिडकीची काच साधारण साडेपाचला येते. खड्याची धार टाकाऊ काचेवर दाबून ओढावी आणि उमटलेली पांढरी रेघ ओल्या बोटाने पुसावी. पुसली गेली तर ती खड्याचीच भुकटी होती आणि खडा कॅल्साइट असण्याची शक्यता मोठी. काचेत खाच राहिली तर क्वार्ट्झ. पोलादावर आपटून ठिणगी पाडतो तो खडाही क्वार्ट्झच.

भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतो, कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. क्वार्ट्झवर काहीच होत नाही. घरी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो, फक्त फेस मंद येतो आणि तो नीट निरखावा लागतो. स्वच्छ पारदर्शक कॅल्साइट छापील अक्षरावर ठेवला तर एकाची दोन अक्षरे दिसतात, आणि खडा फिरवला की त्यांतले एक दुसऱ्याभोवती फिरते. डॅनिश शास्त्रज्ञ रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ साली आइसलँडहून आलेल्या खड्यांवर हे वर्णन केले होते. क्वार्ट्झमध्येही प्रकाश दुभंगतो, पण इतका थोडा की असल्या खड्यातून डोळ्याला जाणवत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. बेसाल्टच्या याच पोकळ्यांत स्टिल्बाइटसारखी झिओलाइटे या वेगळ्या गटातली खनिजेही मिळतात आणि जळगाव जिल्हा खनिजसंग्राहकांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. काच त्यांनीही कापली जात नाही, म्हणजे कठीणपणाच्या कसोटीवर ती कॅल्साइटच्या बाजूला जातात. पण आम्लात ती फसफसत नाहीत आणि स्टिल्बाइटची चीर मोत्यासारखी चमकते, म्हणून काचेचा निकाल आम्लाने पडताळून घ्यावा.

तापीकाठच्या शेतांत नांगराला लागणारे चुनखडीचे ओबडधोबड खडेही रासायनिकदृष्ट्या कॅल्साइटच, फक्त स्फटिकाचे रूप नसलेले. अशा जमिनीत लोह पिकाला मिळेनासे होते आणि केळीची नवी पाने पिवळी पडतात. क्वार्ट्झचे खडे तिथे कितीही असले, तरी असा परिणाम त्यांच्यामुळे होत नाही.