ग्रहणातून ताऱ्याचं वजन

‘सूर्याच्या ८० पट वस्तुमानाचा तारा’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. तो तोलला कसा, हे मात्र बातमीत नसतं. मग वाचणाऱ्याला वाटतं, तारा जितका झगझगीत तितका जड, तेज बघून आकडा काढत असणार. तसा काढतातही, पण तो अंदाज. आणि ज्या कोष्टकावरून हा अंदाज बांधायचा, ते कोष्टकच मुळात जोडताऱ्यांवरून, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून, तयार झालं आहे. वस्तुमान थेट मोजायचं तर ताऱ्याभोवती काहीतरी फिरायला हवं.

सगळ्यांत भरवशाचे जोडतारे म्हणजे ज्यांची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते ते. त्यातले दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकतात. दुर्बिणीतही बहुधा एकच ठिपका दिसतो, पण त्याचं तेज ठरलेल्या वेळी उतरतं. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आपल्या ओळखीचे. त्यांतला सर्वांत आधी उगवणारा मिंटाका, म्हणजे डेल्टा ओरायनिस, असाच आहे. ५.७३ दिवसांत एक फेरी आणि दर फेरीत दोन ग्रहणं. त्याचे वेध कोणी पाळत नाही, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्र घालत नाही, तरी मुंबईत कोणाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही.

तेज आणि वेळ यांचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र. त्यात दोन खड्डे दिसतात. मोठा तारा झाकला जातो तेव्हा खोल खड्डा पडत असेल असं वाटतं, पण तसं नाही. कक्षा वर्तुळाकार असेल तर दोन्ही ग्रहणांत सारखंच क्षेत्रफळ झाकलं जातं. म्हणून खोल खड्डा पडतो तो जास्त तापलेला तारा झाकला जातो तेव्हा. खड्ड्याची रुंदी आणि उतार यांवरून ताऱ्यांच्या त्रिज्या कळतात, आणि कक्षेचा कलही (कडेने दिसणारी कक्षा म्हणजे कल ९० अंश). पण ही सगळी गुणोत्तरं. त्रिज्या अंतराच्या किती पट, एवढंच कळतं. किलोमीटर एकही हाती लागत नाही.

किलोमीटर येतात वर्णपटातून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. हेलियमची ४४७१ अँगस्ट्रॉमची (हे तरंगलांबीचं एकक) रेषा सेकंदाला २०० किमी वेगाने सुमारे ३ अँगस्ट्रॉम सरकते. समजा ३ दिवसांच्या एका जोडीत एका ताऱ्याचा कमाल वेग सेकंदाला २०० किमी भरला आणि दुसऱ्याचा २५०. जो हळू फिरतो तो जड, म्हणून वस्तुमानांचं प्रमाण ५:४. दोन्ही वेगांची बेरीज ४५०. तिला ३ दिवसांतल्या सेकंदांनी गुणून २π ने भागलं की दोघांमधलं अंतर येतं सुमारे १ कोटी ८६ लाख किमी. अंतर, फेरीचा काळ आणि वस्तुमान यांना जोडणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमात हे घातलं की एकूण वस्तुमान सूर्याच्या २८ पट, वाटणी १५.७ आणि १२.६. जोडी आपल्यापासून किती दूर आहे, हे कुठेही विचारावं लागलं नाही.

एक गोम राहते. वर्णपटातला वेग फक्त आपल्या दृष्टिरेषेतला. कक्षा तिरकी असेल तर खरा वेग जास्त असतो, आणि वस्तुमानाला कलाच्या साइनच्या घनाने भागावं लागतं. कल ६० अंश असेल तर हा घन ०.६५, म्हणजे खरं वस्तुमान दीडपट. ८० अंशाला तो ०.९५ च्या वर जातो. ग्रहण लागतं म्हणजे कल बहुतेक ९० च्या आसपास आहे, तेव्हा त्यात अंशा-दोन अंशांची चूक झाली तरी फारसं बिघडत नाही. म्हणून ग्रहणाला एवढं महत्त्व.

बिघडतं ते वेगात, आणि जड ताऱ्यांच्या बाबतीत हमखास. पृष्ठभाग ३० हजार अंशांच्या वर तापलेला, त्यामुळे रेषा थोड्या. त्यात तारा स्वतःभोवती गरागरा फिरतो. सेकंदाला १५० किमीच्या परिवलनाने तीच ४४७१ ची रेषा साडेचार अँगस्ट्रॉम रुंद होते, आणि वरच्या जोडीतल्या दोन रेषा एकमेकींपासून जास्तीत जास्त पावणेसात अँगस्ट्रॉम लांब जातात. फेरीतला बराच काळ त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. अशी चिकटलेली जोडी मोजली की वेग कमी भरतात, आणि वस्तुमान वेगाच्या घनावर चालतं. वेग ५ टक्के कमी, तर वस्तुमान १४ टक्के कमी.

म्हणून वर्णपट घ्यायचे ते दोन ग्रहणांच्या मधोमध, रेषा सर्वांत फाकलेल्या असताना. हायड्रोजनच्या पसरट रेषांवर विसंबायचं नाही. आयनित हेलियमची ४६८६ ची रेषा ताऱ्यावरून सुटणाऱ्या वाऱ्याने दूषित होते, तीही टाळावी. ४४७१ आणि ४५४२ बऱ्या. निरनिराळ्या वेळचे डझनभर वर्णपट हाताशी असले की गणिताने दोन्ही ताऱ्यांचे वर्णपट वेगळेही काढता येतात.

रेषा न सरकणं हीसुद्धा बातमी असते. १९०४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ हार्टमान यांना मिंटाकाच्या वर्णपटात कॅल्शियमची रेषा जागची हलताना दिसली नाही. ती ताऱ्याची नव्हतीच, वाटेतल्या वायूची होती. मिंटाकाजवळ तिसरा ताराही आहे, अर्ध्या आर्कसेकंदाच्या (अंशाचा ३६०० वा भाग) आत. त्याचा प्रकाश मिसळून खड्डे उथळ दिसतात. तो वजा केला नाही तर कल चुकतो.

वर्णपटाचं हे काम मुंबईच्या उजळलेल्या आकाशातून जमणं कठीण, प्रकाशवक्राचं जमतं. मिंटाकाचा खड्डा जेमतेम दशांश प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), त्यापेक्षा अभिजितजवळचा बीटा लायरी घ्यावा. त्याची दृश्यप्रत ३.३ पासून ४.३ पर्यंत उतरते. पावसाळ्याचे ढग सरले की ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेर संध्याकाळी तो मिळतो. डीएसएलआर तिकाटण्यावर, ५० मिमी भिंग, ५ सेकंद उघडझाप, फोकस किंचित सोडलेला, नाहीतर तारा मोजक्या पिक्सेलांवर जळून जातो. फाइल रॉ हवी. जेपेग करताना कॅमेरा उजेडाचं प्रमाण बदलतो. दहा-वीस फोटोंतल्या हिरव्या चॅनलची सरासरी काढून शेजारच्या गॅमा लायरीशी (प्रत ३.२) ताडून बघायची. दोघांत अंतर २ अंशांचं, म्हणून मुंबईची धूसर हवा दोघांना जवळपास सारखीच झाकते. क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली मात्र मोजू नये.

आवर्तकाल १२.९४ दिवस, म्हणजे खोल खड्डा १३ दिवसांनी पुन्हा, सुमारे दीड तास आधी. वेळापत्रक मात्र ताजं वापरावं. इथे सूर्याच्या ३ पट वस्तुमानाचा तारा १३ पटवाल्याकडे वायू ओततो आहे, त्यामुळे आवर्तकाल वर्षाला १९ सेकंदांनी वाढतो. वाढ फेरीगणिक साचत जाते, आणि १० वर्षांपूर्वीच्या आवर्तकालावरून काढलेली वेळ सुमारे ७ तासांनी चुकते.