फ्लोराइड सुटणे वेगळे, फ्लोराइड पुन्हा भरले जाणे वेगळे

कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवताना, किडलेला दात भरायच्या सिमेंटबद्दल एक वाक्य मला रुग्णांकडून आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या सहकाऱ्यांकडूनही सतत ऐकावे लागते: ‘हे सिमेंट फ्लोराइड सोडते आणि रिचार्जही होते, म्हणजे या दाढेला आता कीड लागायची नाही.’ या वाक्यात दोन निराळ्या क्रियांची गल्लत झालेली आहे, आणि तिची किंमत रुग्णाच्या दाताला मोजावी लागते.

फ्लोराइड सुटणे म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक असते. विल्सन आणि केंट यांनी १९७२ साली मांडलेल्या ग्लास आयोनोमर सिमेंटमध्ये फ्लोराइडयुक्त काचेची भुकटी आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांची अभिक्रिया होते व काचेतले फ्लोराइड मोकळे होते. पहिल्या २४ तासांत ते सर्वाधिक सुटते, नंतर झपाट्याने घटते आणि पुढे अल्प प्रमाणात दीर्घकाळ सुटत राहते.

खरा घोटाळा ‘रिचार्ज’ या शब्दापाशी होतो. मोबाइलचा रिचार्ज केला की संपलेली शिल्लक जशीच्या तशी परत येते, आणि तीच कल्पना आपण नकळत फिलिंगला लावतो. प्रत्यक्षात काचेतून एकदा निघून गेलेले फ्लोराइड काचेत परत जात नाही. पेस्टमधले किंवा वार्निशमधले, म्हणजे दवाखान्यात दातांवर लावायच्या लेपातले, फ्लोराइड सिमेंटच्या पृष्ठभागावर आणि त्याच्या पाणीदार, सच्छिद्र थरात तात्पुरते मुरते आणि पुढच्या काही दिवसांत, त्यातही बरेचसे पहिल्याच दिवशी, बाहेर पडते. नव्या माठातल्या पाण्याला सुरुवातीला मातीचा वास येतो, तो माठाचा स्वतःचा असतो आणि काही दिवसांनी ओसरतो. पुढे पाण्यात वाळा टाकला तर वाळ्याचा वास येतो, पण वाळा काढला की तोही जातो आणि मातीचा वास काही परत येत नाही. सुटणे हा सिमेंटचा गुण आहे. पुन्हा भरले जाणे मात्र रुग्णाच्या रोजच्या सवयीवर अवलंबून असते.

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या आजींनी मला हे नीट शिकवले. हिरड्या खाली सरकून त्यांच्या दातांची मुळे उघडी पडली होती आणि मुळांवरच्या किडीत मी मोठ्या विश्वासाने ग्लास आयोनोमर भरले. दीड वर्षाने त्या परत आल्या, तेव्हा फिलिंग शाबूत होते, पण त्याच्या कडेला तपकिरी, मऊ रेघ उमटली होती आणि तिथे प्रोब, म्हणजे दात तपासायची टोकदार सळई, रुतत होता. आजी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत होत्या. घरात पेस्ट होती, ती नातवंडांसाठी. मशेरी म्हणजे फ्लोराइडची पेस्ट नव्हे, त्यामुळे त्या सिमेंटला पुन्हा भरायला बाहेरून काही मिळालेच नव्हते. तंबाखूचे इतर दुष्परिणाम आहेतच. तेव्हापासून दात भरण्याआधी रुग्ण कशाने दात घासतो आणि ब्रश झाल्यावर भराभर चुळा भरून पेस्टमधले फ्लोराइड धुऊन टाकतो का, हे मी विचारतेच.

बाकीचे फरक थोडक्यात सांगते. रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा पदार्थ) मिसळलेले ग्लास आयोनोमर सुटणे आणि पुन्हा भरणे या दोन्ही बाबतींत मूळ सिमेंटच्या जवळपास असते, काँपोमर (काँपोझिट आणि ग्लास आयोनोमर यांच्या मधला प्रकार) बरेच मागे पडते, आणि नेहमीच्या काँपोझिटच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या, घट्ट रेझिनमध्ये फ्लोराइड मुरायला वावच नसतो. क्ष-किरणात दिसावे म्हणून घातलेल्या यटर्बियम फ्लोराइड या संयुगाच्या बळावर काँपोझिटला ‘फ्लोराइड देणारे’ म्हणणे मला अजिबात पटत नाही. माहितीपत्रकातल्या आलेखात पहिल्या दिवशी सुटणाऱ्या फ्लोराइडचा उंच स्तंभ पाहून सिमेंटची निवड करणेही तितकेच चूक आहे, कारण तो आकडा बहुधा शुद्ध पाण्यात मोजलेला असतो आणि लाळेत तेच सिमेंट पुष्कळ कमी फ्लोराइड सोडते.

शेवटी माझा एक ठाम आग्रह. पुन्हा भरण्यासाठी म्हणून ग्लास आयोनोमरवर आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइडचे जेल लावू नये, कारण ते पृष्ठभाग झिजवून खरबरीत करते. भारतातल्या पेस्टमध्ये दहा लाख भागांत सुमारे १००० भाग फ्लोराइड असते, तर ५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या वार्निशमध्ये २२,६०० भाग. रोज पेस्ट आणि अधूनमधून दवाखान्यात हे वार्निश, असाच क्रम मी आजींनाही लावून दिला आहे.