माउसच्या जादा बटणांचा अर्थ ठरतो कुठे?

अंगठ्याखालच्या बटणाला आपल्या पसंतीचे काम नेमून देणे ही आज सेटिंगमधली किरकोळ बाब वाटते. लिनक्सवर मात्र हीच गोष्ट एका संगणकावर विनासायास जमते आणि दुसऱ्यावर काही केल्या जमत नाही. याचे कारण शोधायचे, तर बटणाचा अर्थ नेमका कोणत्या टप्प्यावर ठरतो आणि तो टप्पा काळानुसार कसा सरकत गेला, हे पाहावे लागते.

डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये घडवलेल्या लाकडी माउसला एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या जाहीर प्रात्यक्षिकात तीन बटणांचा माउस दिसला. पुढच्या संगणकांपैकी झेरॉक्सच्या अल्टोने तीन बटणे ठेवली, स्टारने दोन, तर ॲपलच्या लिसाने १९८३ मध्ये एकच. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीमने (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या आणि माउस-कळफलकाची माहिती प्रोग्रामांपर्यंत पोहोचवणाऱ्या, पुढे लिनक्सवरही रुळलेल्या व्यवस्थेने) तीन बटणांची परंपरा उचलली आणि तिच्यात एक महत्त्वाची सोय केली : बटणाचा प्रत्यक्ष क्रमांक आणि प्रोग्रामला कळवला जाणारा क्रमांक यांची सांगड वापरणाऱ्याला बदलता येई. 'एक्समॉडमॅप' या आज्ञेने '१ २ ३' ऐवजी '३ २ १' असा क्रम दिला, की डावखुऱ्यांसाठी माउस सज्ज होई.

खरी अडचण पान वर-खाली सरकवणाऱ्या चाकाने आणली. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ जोडणीत माउस दर वेळी तीन बाइटांची माहिती पाठवत असे आणि तिच्यात बटणांसाठी तीनच बिट राखलेले होते. १९९६ च्या मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाउसला चाकाची हालचाल कळवायला जागाच नव्हती, तेव्हा त्यावर एक सांकेतिक टकटक योजण्यात आली. संगणकाने माउसला नमुने पाठवण्याचा वेग क्रमाने २००, १०० आणि ८० करायला सांगायचे आणि मग त्याची ओळख विचारायची. साधा माउस '०' असे उत्तर देई. चाकाचा माउस '३' असे सांगून पुढे चार बाइट पाठवू लागे. २००, २००, ८० असा क्रम दिल्यास पाच बटणांचा माउस '४' हे उत्तर देई आणि जादा दोन बटणांचे बिट चौथ्या बाइटात येत. जुन्या माउसला धक्का न लावता केलेली ही युक्ती मोठी चतुर म्हटली पाहिजे.

एक्सने चाकाचे वर-खाली फिरणे ४ आणि ५ या क्रमांकांच्या बटणांचे दाबणे मानले. त्यामुळे अंगठ्याजवळच्या बटणांचे क्रमांक चाकाशी भिडत आणि '१ २ ३ ६ ७ ४ ५' असा क्रम हाताने लिहून ती बटणे ६ आणि ७ वर ढकलावी लागत. नंतर ६ आणि ७ हे क्रमांक आडव्या स्क्रोलकडे गेले आणि मागे-पुढे जाण्याची बटणे ८ आणि ९ झाली. जुन्या सूचना नव्या यंत्रावर लागू पडत नाहीत, त्याचे एक कारण ही स्थलांतरे आहेत. विंडोजने मात्र विंडोज २००० पासून दोन जादा बटणांना स्वतंत्र नावे दिली आणि हा गुंता बराचसा टाळला.

जेश्चरचा, म्हणजे माउस ठरावीक दिशेने ओढून आज्ञा देण्याच्या पद्धतीचा, प्रवाह वेगळा आहे. २००१ मध्ये ऑपेरा ब्राउझरने ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवले : उजवे बटण दाबून माउस डावीकडे ओढला, की मागचे पान. तिथे अर्थ तो एक प्रोग्रामच ठरवत होता. लिनक्सवर 'ईझीस्ट्रोक'ने ही सोय साऱ्या डेस्कटॉपला दिली, तर 'एक्सबाइंडकीज'ने कोणत्याही बटणावर कोणतीही आज्ञा बांधता येऊ लागली. हे शक्य झाले, कारण एक्समध्ये एका प्रोग्रामला इतर साऱ्या प्रोग्रामांकडे जाणाऱ्या घटना, म्हणजे बटण वा कळ दाबल्याच्या सूचना, पाहता येत. ज्या दारातून ही सोय आत आली, त्याच दारातून पासवर्ड टिपणारा प्रोग्रामही येऊ शकत होता.

एक्सची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेने ते दार बंद केले. माउसची घटना आता फक्त ज्या खिडकीसाठी आहे तिलाच मिळते, आणि म्हणून ईझीस्ट्रोकसारखी साधने तिथे निकामी ठरतात. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण नेमणुकीची पर्यायी सोय आधी उभी न केल्याने सवयीच्या वापरकर्त्यांची कुचंबणा झाली. त्यांनी मग विंडो सिस्टीमच्या अलीकडचे थर गाठले. 'इनपुट रीमॅपर' कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, येणारी घटना मध्येच उचलून तिच्या जागी आभासी उपकरणाची घटना पाठवतो, तर 'पायपर' ही नेमणूक थेट माउसच्या स्मृतीत लिहितो, अर्थात माउसमध्ये तशी स्मृती असेल तरच. केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने हीच नेमणूक वेलँडवरही स्वतःच्या सेटिंगमध्ये घेतली आहे. तिथे जादा बटणाला कळफलकावरची कळ जोडता येते.